विष कुणी टाकलं?

मंडळी, तळ्यातले मासे मेले की आपल्या गावांत पहिला प्रश्न एकच: विष कुणी टाकलं? मग भावकीतला जुना वाद वर येतो, बांधावरची बाचाबाची आठवते, आणि दुपारपर्यंत कुणाचं तरी नाव ठरलेलं असतं. मीही ठरवलं होतं. श्रावणातल्या एका पहाटे खाडीकाठच्या आमच्या तळ्यात जिताडे पोट वर करून तरंगताना दिसले आणि मी चूळसुद्धा न भरता चुलतभावाच्या दारात जाऊन उभा राहिलो. तो बिचारा चहा घेत होता. पुढचं सांगत नाही.

खरं तर मासे नीट पाहिले असते तर तिथेच उमगलं असतं. मेले होते ते मोठे. बोटाएवढी पिल्लं जिवंत होती, आणि काठाच्या गवतात मरळ मजेत होता. मरळ, मागूर हे मासे हवेतूनही श्वास घेतात, पाण्यातला प्राणवायू संपला तरी त्यांचं अडत नाही. विष असतं तर बहुधा त्यांनाही सोडलं नसतं.

आणि वेळ बघा, पहाटेची. पाणी हिरवं दिसतं ते बारीक शेवाळामुळे. दिवसा उन्हात ते प्राणवायू सोडतं. रात्री मात्र शेवाळ घेतं, मासे घेतात, तळाचा गाळही घेतो. भर कुणीच घालत नाही. म्हणून उजाडण्याआधीच्या तासाला तळं सगळ्यात रिकामं. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू असावा, ३ च्या खाली मासा बेजार होतो. दुपारी दोनला मीटर बुडवून ‘९ आला, झकास’ म्हणणाऱ्याला मी सांगतो, दादा, पगाराच्या दिवशी खिसा काय चाचपतोस, महिनाअखेरीला चाचप.

त्या आठवड्यात तीन दिवस ऊन नव्हतं, म्हणजे शेवाळाची कमाई बंद. मी खाणं मात्र नेहमीएवढंच टाकत होतो. त्यात आपली तळी खाजणातली, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतली. पावसाचं गोडं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर थर धरून बसतं आणि तळाला हवा पोचत नाही. अशा वेळी ओहोटीला उघाडीच्या, म्हणजे खाडीकडच्या दाराच्या, वरच्या फळ्या काढून वरचं पाणी सोडून द्यावं, आणि खाणं निम्म्यावर आणावं, नाहीतर बंदच.

आता चुना. काही बिनसलं की फेक चुना, ही आपली खोड. मासे जे खातात त्यातून, आणि न खाल्लेलं तळाशी कुजतं त्यातून, अमोनिया तयार होतो. त्याची रूपं दोन, एक बरंचसं निरुपद्रवी, दुसरं कल्ले जाळणारं. कुठलं किती, हे मुख्यतः पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ठरवतो. पाणी २५ अंशांचं आणि सामू ७ असेल, तर जाळणारा अमोनिया शंभरात जेमतेम अर्धा भाग. सामू ९ वर गेला की तोच ३६ भाग! आपलं पाणी त्याहून गरम, म्हणजे आणखी जास्त. अशा तळ्यात कळीचा चुना टाकून सामू आणखी चढवला तर विष कुणी टाकलं याचं उत्तर आपणच. तो चुना उन्हाळ्यात, तळं सुकवून गाळ उपसल्यावर. पावसाळ्यात सामू उतरलाच तर चुनखडीची भुकटी, तीही मोजून.

मीटर नसेल तर पांढरी ताटली काठीला बांधून पाण्यात सोडा. १८६५ साली इटलीच्या अँजेलो सेकी नावाच्या पाद्र्यानं समुद्राची पारदर्शकता अशीच तबकडीनं मोजली होती. ताटली ३० ते ४० सेंटीमीटरवर दिसेनाशी झाली तर ठीक. वीतभरातच गडप झाली तर शेवाळ फार माजलंय. मग तळ्यात शेण आणि खत टाकणं ताबडतोब थांबवा.

एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, रात्री दोनपासून उजाडेपर्यंत चालवा. तो नसेल तर पंपानं तळ्यातलंच पाणी उचलून तिरक्या फळीवर आपटवा. आज बाहेर आभाळ भरून आलंय, आणि अशा रात्री वीज हमखास जाते. इथल्या किती जणांकडे जनरेटर आहे? हात वर करा. चार. बाकीच्यांनी जाण्याआधी या चौघांचे नंबर लिहून घ्या.