तिकिटामागचं ब्रीद

विषय छापलाय तो ‘माणसाचं ब्रीदवाक्य आणि त्यामागचं आयुष्य’. शिवरायांची मुद्रा, कर्मवीर अण्णा आणि बाबा आमटे यांच्यावर मी बोलेन, असंही निमंत्रणात लिहिलंय. बोलणार आहे. पण आधी ‘ब्रीद’ या शब्दापाशी थोडं थांबू द्या, माझं सगळं म्हणणं त्या एका शब्दात आहे.

‘बिरुद’ हा संस्कृत शब्द मराठी घरात वावरून मऊ झाला, त्याचं ब्रीद झालं. जुन्या काव्यात ‘ब्रीदाचा तोडर’ भेटतो. तो पायात घालायचा, चारचौघांना दिसेल असा. आता सांगा, जी गोष्ट पायात घालून गावातून मिरवायची, ती स्वतःच्या समाधानासाठी असेल का? ती बघणाऱ्यासाठी असते. नामदेवांच्या एका अभंगात भक्त थेट देवाच्या दारात उभा राहतो. म्हणतो, पतितपावन हे तुझं नाव ऐकून आलो. तसा तू नसशील तर हा मी माघारी निघालो. वर बजावतो की मग ते ब्रीद सोडून दे. बघा, ब्रीद देवाचं, पण धरलंय भक्ताने! मला आज एवढंच सांगायचंय. आपलं ब्रीद आपण उच्चारतो, पण ते धरून ठेवणारा माणूस दुसरा असावा लागतो.

हे मला पुस्तकाने शिकवलं नाही. आमचे दादा एसटीत कंडक्टर होते, कऱ्हाड-पाटण रस्त्यावर. इथल्या पन्नाशीपुढच्या मंडळींना आठवत असेल, सुटे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे उरलेले पैसे लिहून द्यायचा आणि म्हणायचा, “उतरताना घ्या.” मान हलतायत, म्हणजे आठवतंय. आणि त्यातले निम्मे जण पैसे न घेताच उतरले असतील, हेही त्यांच्या चेहऱ्यावर दिसतंय.

दादांचं ब्रीद दोन शब्दांचं होतं: “मागचं आधी.” स्टॉप आला की घंटीच्या दोरीला हात लावण्याआधी ते ओरडायचे, “मागचं आधी! कुणाचं राहिलंय?” घरीही तेच. वाण्याची उधारी, शेजारणीची साखरेची वाटी, आईला दिलेला शब्द, सगळ्याला मागचं आधी.

एकदा एक म्हातारी मल्हारपेठेला घाईने उतरली. डोक्यावर पाटी, काखेत कोंबडी, आणि तिकिटामागे साडेतीन रुपये. गाडी सुटली आणि दादांच्या लक्षात आलं. आता अडचण अशी की कंडक्टरच्या पिशवीत हिशेबापेक्षा जास्त रोकड निघाली तर तेही अंगाशी येतं. म्हणून संध्याकाळी ते साडेतीन रुपये त्यांनी डेपोत भरले, आणि म्हातारीसाठी स्वतःच्या खिशातले तेवढेच पैसे काडेपेटीत घालून ठेवले. तीन आठवडे ती काडेपेटी वरच्या खिशात होती. ना नाव ठाऊक, ना गाव. मल्हारपेठ आलं की खाली उतरून पानवाल्याला विचारायचे, “हिरव्या लुगड्यातली, कोंबडीवाली आजी दिसली का?” ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा. उतारू बडबडायचे.

चौथ्या आठवड्यात आजी स्वतःच गाडीत चढली. दादांनी काडेपेटी पुढे केली. तिने आधी पदराची गाठ सोडली. आत ते तिकीट होतं, घामाने मऊ झालेलं, आकडा पुसट. ते दादांच्या हातात ठेवलं आणि मग पैसे घेतले. म्हणाली, “लिवून दिलंय म्हंजी देनारच की. म्या कशाला घोर करू?”

दादा ही गोष्ट सांगताना पैशांवर कधी थांबायचे नाहीत. ते त्या गाठीवर थांबायचे. “माझा शब्द तिने महिनाभर पदरात बांधून ठेवला होता,” म्हणायचे.

एसटीचं ब्रीद ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली. एवढं मोठं ब्रीद एका माणसाला पेलवायचं कसं? दादांनी ते तिकिटाच्या मागे मावेल एवढं करून घेतलं.

आता एक तक्रार सांगतो, कारण ती बरेच दिवस मनात आहे. निवृत्तीच्या कागदांसाठी मी एका कार्यालयात सात खेपा घातल्या. मेजामागच्या भिंतीवर सेवेचं सुंदर वाक्य रंगवलेलं. सातव्या खेपेला मी ते मोठ्याने वाचलं. मेजावरचे गृहस्थ मागे वळले, त्यांनीही वाचलं, आणि म्हणाले, “हे कधी लिहिलं?” मला राग आला नाही, वाईट वाटलं. कारण ती पाटी त्यांच्या पाठीमागे आणि माझ्या डोळ्यांसमोर होती. वाचून दाखवायचं काम माझं होतं, आणि त्यासाठी मी सातव्या खेपेपर्यंत थांबलो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. सात मिनिटं. मग तिघे भराभर घेतो.

शिवरायांची मुद्रा. प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, हे आपण सगळे म्हणतो. मला त्यातला ‘भद्राय’ मोलाचा वाटतो: ही मुद्रा कल्याणासाठी शोभते. शहाजीराजांची मुद्रा फारसीत होती, यांची संस्कृतात. पत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’, म्हणजे मजकूर इथे संपला, याखाली कुणी काही घुसडू नये. प्रत्येक पत्राबरोबर राजाचं वचन रयतेच्या हाती पोचत होतं, आणि हद्दही.

कर्मवीर अण्णा, म्हणजे भाऊराव पाटील. ४ ऑक्टोबर १९१९, कऱ्हाडजवळचं काले गाव, रयत शिक्षण संस्था. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’. ते ब्रीद अण्णांचं, पण बोर्डिंगात दाणा उरला नाही तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र दिलं. अण्णांबद्दल बोलताना लक्ष्मीबाईंचं नाव आधी घ्यावं असं मला वाटतं.

बाबा आमटे. गाडीत एका स्त्रीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना ते भिडले, म्हणून गांधीजींनी त्यांना ‘अभय साधक’ म्हटलं. हे बिरुदच झालं! पुढे पावसात कुष्ठरोगाने झडलेला तुळशीराम दिसला आणि तेच बाबा घाबरून घरी पळाले. ते बिरुद त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परत गेले, त्याला निवारा केला, शेवटपर्यंत त्याची सेवा केली. आनंदवन त्यानंतरचं. ‘श्रम ही है श्रीराम हमारा’ तुम्हाला पाठ आहे, मी सांगायला नको.

वेळ संपली. कुणाला आज आपलं ब्रीद ठरवावंसं वाटलं तर ते शेजारी बसलेल्याला सांगा. मला सांगू नका. मी पहाटेच्या गाडीने निघतोय, विचारायला इथे नसेन.