अठरा इंची हिवाळा

(दृश्य : जर्मनीत श्टुटगार्टजवळचं एक गॅरेज. लिफ्टवर पांढरी गाडी, चारही चाकं काढलेली. कॅमेरा पुढच्या ब्रेकवर.)

बीएमडब्ल्यू एम-थ्री. 2014 ते 2018 या काळात निघालेली, एफ-80 म्हणून ओळखली जाणारी पिढी. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, दोन टर्बो, 431 हॉर्सपॉवर, आणि ही सगळी ताकद फक्त मागच्या दोन चाकांवर. बॉनेट मात्र आज कुणी उघडणार नाही. हिवाळ्याची चाकं निवडायला बसलं की पहिल्यांदा बघायचा तो हा निळा कॅलिपर, म्हणजे ब्रेकची चकती (डिस्क) चिमटीत धरणारा भाग.

त्याच्या मागची ब्रेक डिस्क 380 मिलिमीटर व्यासाची आहे. 18 इंची रिम म्हणजे टायर बसतो तिथे साधारण 457 मिलिमीटर. मधल्या जागेत कॅलिपरची पाठ मावली पाहिजे, रिमची जाडी मावली पाहिजे आणि वर थोडी फटही राहिली पाहिजे. हाच कॅलिपर सोनेरी असता, म्हणजे गाडी कार्बन सिरॅमिक ब्रेकची असती, तर डिस्क 400 मिलिमीटरची निघाली असती आणि 19 इंचाच्या खाली जायचा प्रश्नच मिटला असता. कॅलिपर निळा आहे, म्हणून आपल्याला वाव आहे.

(दृश्य : मालक कॅलिपरवर चिकणमातीचा लहान गोळा दाबून बसवतात.)

गाडीचे मालक मूळचे कोल्हापूरचे, इथे इंजिनिअर आहेत. कागदावरची मापं जुळत असूनही त्यांना हाताखालून खात्री करायची आहे. मुलांच्या खेळण्यातली ही माती कॅलिपरच्या सगळ्यात फुगीर भागावर लावली, रिम चढवली, दोन बोल्ट हातानं आवळले आणि चाक सावकाश एक फेरा फिरवलं. आता रिम उतरवल्यावर बघा, माती दबली आहे पण कुठेही खरवडली गेलेली नाही. दबून उरलेली जाडी ही तुमची खरी फट. ती दोन-तीन मिलिमीटर तरी हवीच, कारण आरे आणि कॅलिपर यांच्यात बर्फाचा खडा अडकला तर तो रिमला आतून कोरत जातो.

(दृश्य : जमिनीवर शेजारी शेजारी दोन चाकं. 19 इंची आणि 18 इंची.)

आपल्याकडे गाडी हौशीनं सजवायची म्हटलं की आधी चाक मोठं होतं. सोळाचं सतरा, सतराचं अठरा. थंडीच्या देशात जाणकार माणूस उलट्या दिशेनं जातो. डावीकडे 255/35 आर 19, उजवीकडे 255/40 आर 18. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के भिंतीची उंची, शेवटचा रिमचे इंच. बाहेरून उंची जवळपास एकच, 661 मिलिमीटर, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही. फरक आहे तो रबराच्या भिंतीत. तिकडे 89 मिलिमीटर, इकडे 102. हे तेरा मिलिमीटर म्हणजे बर्फाखाली लपलेल्या खड्ड्याची किंवा फुटपाथच्या काठाची धडक रिमऐवजी रबरानं घेणं. फोटोत 19 इंची चाक देखणं दिसतं, यात वाद नाही. जानेवारीत ते बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठानं पांढरं झालेलं असतं, तेव्हा फोटो कुणी काढत नाही.

मागे 275/40 आर 18. कंपनीनं या गाडीला मुळात दिलेलं माप. आमचं मत विचाराल तर मागेही थोडा अरुंद टायर चालला असता, कारण चिखलासारख्या पातळ बर्फावर रुंद टायर तरंगायला बघतो. मालकांनी मूळ माप धरलं, आणि त्याला कारण आहे. जर्मनीत चाक नुसतं बसून भागत नाही, त्याला कागद लागतो. बाहेरच्या कंपनीची रिम किंवा वेगळं माप घातलं आणि त्याचं मान्यतापत्र तुमच्या मॉडेलला लागू नसलं, तर गाडीचा रस्त्यावरचा परवानाच अडचणीत येतो.

(दृश्य : बॅलन्सिंग मशीनवर नुसती रिम फिरते आहे.)

रिम जुन्या आहेत, दुसऱ्या एका एम-थ्रीवाल्याकडून घेतलेल्या. टायर चढवण्याआधी नुसती रिम फिरवून बघायची. बाहेरचा काठ सगळेच बघतात. वाकलेली असते ती बहुधा आतली कड. ही चारही सरळ आहेत. पाच बोल्ट, 120 मिलिमीटरच्या वर्तुळावर, मधलं भोक 72.6 मिलिमीटर. पुढच्या पिढीत कंपनीनं हे वर्तुळ 112 केलं, त्यामुळे नव्या एम-थ्रीची रिम स्वस्तात मिळाली तरी या गाडीला लागत नाही.

रंग साधा, राखाडी. आरे पाचच, जाड, धुवायला सोपे. चकचकीत डायमंड-कट, म्हणजे पृष्ठभाग कातून चमकवलेली रिम हिवाळ्यात घालू नये. वरच्या पारदर्शक लेपाला एक चीर पडली की मिठाचं पाणी आत शिरतं आणि पांढऱ्या मुळ्यांसारखं पसरत जातं.

(दृश्य : टायरच्या नक्षीवर कॅमेरा. अंगठ्यानं ठोकळा वाकवला जातो.)

आता टायर. हे ठोकळे आणि त्यांतल्या या बारीक नागमोडी चिरा. अंगठ्यानं दाबलं की चिरा उघडतात. बर्फावर प्रत्येक चिरेची कड चावते. ठोकळ्यांमधल्या खाचांत बर्फ भरून बसतो, आणि तो मुद्दाम भरू द्यायचा असतो, कारण बर्फ बर्फाला रबरापेक्षा चांगला धरतो. चिरा आतून नागमोडी असतात, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर ब्रेक मारला की दोन्ही भिंती एकमेकींत अडकतात आणि ठोकळा लोळत नाही. वेगवान गाडीच्या हिवाळी टायरचं अर्धं कसब इथे आहे.

बाकीचं अर्धं रबराच्या मिश्रणात. उन्हाळी स्पोर्ट्‌स टायर थंडीत कडक पडतो. 7 अंशांच्या खाली टायर बदला, असं सगळे सांगतात. ती ढोबळ खूण आहे. सातव्या अंशाला काही जादू होत नाही. पण पहाटे 2 अंश तापमानात, ओल्या वळणावर, 431 हॉर्सपॉवर आणि कडक रबर ही जोडी नको.

फिनलंडमध्ये 1934 साली ट्रकसाठी आणि 1936 साली मोटारींसाठी खास हिवाळी टायर निघाले. तिकडचे मऊ टायर आजही गोठलेल्या बर्फावर राजे आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच टायरांची वेगमर्यादा क्यू किंवा आर, म्हणजे ताशी 160 किंवा 170 किलोमीटर. खिळे ठोकलेले टायर जर्मनीत 1975 पासून बंद आहेत. ऑटोबानवर, म्हणजे जर्मनीच्या वेगवान महामार्गावर, रोज जाणाऱ्या माणसाला मध्य युरोपी धाटणीचा टायर लागतो. या टायरवर बघा : व्ही, म्हणजे 240. गाडी 250 पर्यंत जाते, मग हे चालतं कसं? हिवाळी टायरला कायद्यानं ही सूट आहे. अट एकच, डॅशबोर्डवर ड्रायव्हरच्या नजरेसमोर 240 चा स्टिकर हवा. तो बघा, लागला.

बाजूच्या भिंतीवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण. खरेदी करताना हे चिन्ह शोधा. नुसत्या एम-प्लस-एस (चिखल आणि बर्फ) या अक्षरांवर आता भागत नाही. आणि चार आकडे, 3723, म्हणजे 2023 सालचा सदतिसावा आठवडा.

(दृश्य : तारेच्या ब्रशनं हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, घासला जातो. गंज उडतो.)

ही पायरी घाईत सुटते. हबवर गंजाचा थर राहिला तर चाक सपाट बसत नाही आणि स्टिअरिंग थरथरतं; मग दोष बॅलन्सिंगला दिला जातो. घासून झालं की मधल्या कड्यावर गंज रोखणाऱ्या पेस्टचं अगदी पातळ बोट, म्हणजे वसंतात रिम लाथा घालून काढावी लागणार नाही. बोल्टच्या आट्यांना पेस्ट लावायची नाही. बाणाची दिशा बघून चाक चढवा. बोल्ट आधी हातानं, मग एक सोडून एक, आणि शेवटी टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानंच आवळणारा पाना, 140 न्यूटन मीटरवर. प्रत्येक चाकात हवेचा सेन्सर आहे. हवा भरतानाही भान हवं : गॅरेजात ऊब आहे, बाहेर नाही, आणि दर 10 अंशांमागे हवेचा दाब साधारण 0.1 बार कमी होतो.

काढलेल्या उन्हाळी चाकांवर खडूनं खुणा. पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं. ती ईस्टरपर्यंत गोदामात.

(दृश्य : मोबाइलवर व्हिडिओ कॉल. कोल्हापूरहून वडील.)

“बारकी चाकं घातलीस व्हय रं? मग एवढी गाडी घेतलीस कशाला?”

“बाबा, ही बर्फातली हायत.”

“बरं बरं. जपून चालव.”

(दृश्य : ब्लॅक फॉरेस्ट, बी-500 रस्ता. मुमेलझे तळ्याजवळ, हजार मीटरच्या वर. दोन्ही कडेला बर्फ.)

पन्नासेक किलोमीटर झाल्यावर पेट्रोल पंपावर थांबून बोल्ट पुन्हा तपासले. आता वळणं. स्टिअरिंगचा पहिला प्रतिसाद किंचित मऊ आहे, ती उंच भिंतीची किंमत. कोरड्या, उन्हातल्या वळणावर ही गाडी उन्हाळ्यातली एम-थ्री वाटत नाही, आणि तशी अपेक्षाही नको. सावलीतल्या वळणावर रस्ता पांढरा होतो. तिथे ब्रेक बघा. बर्फ म्हटलं की सगळे चढ चढण्याची काळजी करतात, म्हणून फोर-व्हील-ड्राइव्हवाले निर्धास्त असतात. उतारावर थांबताना मात्र त्यांनाही याच टायरवर भरवसा ठेवावा लागतो.

बर्फाळ रस्त्यावर उन्हाळी टायर सापडला तर 60 युरो दंड आणि लायसन्सवर शिक्षेचा एक पॉइंट. अपघात झाला तर विमा कंपनी पैसे कापू शकते.

पुढे फ्रॉइडेनश्टाटपर्यंत उतार आहे. चाकं जागीच घसरून फिरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल चालूच, गिअर दुसरा, आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर नेहमीपेक्षा बरंच जास्त.