रिकाम्या खाचांची मोजमापे

मित्रहो, बंदुका उभ्या ठेवण्याच्या रिकाम्या रॅकवरून त्यातली बंदूक कशी ओळखावी, हे सांगण्याचे मी कबूल केले आहे. परंतु त्याआधी माझे एक जुने दुखणे ऐकून घ्यावे लागेल, कारण हा नाद त्यातूनच वाढला.

काही वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात एका विक्रेत्याने मला एक सागवानी चौकट दाखवली. खाली दहा लांबट खळगे, वर दहा खाचा आणि कुलपाचा गज सरकवण्यासाठी दोन्ही टोकांना कड्या. 'पेशव्यांच्या भाल्यांची घोडी' असे त्याने सांगितले. भाल्याला बंदुकीसारखा रुंद दस्ता नसतो, मग खळगे लांबट कशाला, असे विचारताच त्याने ती पेशव्यांच्या छत्र्यांची घोडी केली आणि किंमत वाढवली. (हसू नका, आपल्यापैकी दोघांच्या दिवाणखान्यांतील पेशवाई मी पाहिलेली आहे.)

चौकट घेतली, ती पलटणीच्या कोतातली, म्हणजे शस्त्रागारातली, बंदुकांची रॅक असणार हे ओळखून. हिरव्या रंगाखाली ब्रिटिश सरकारी मालकीची बाणाची खूण आणि त्याखाली हिंदुस्थानचे इंग्रजी अक्षर 'आय' पुसटसा दिसत होता. मी ती केवळ वाळवी पाहण्यासाठी एका सुताराकडे सोपवली. त्या सज्जनाने माझ्यावरील प्रेमापोटी ती तासली, घासली आणि लग्नातल्या पाटासारखी चकचकीत करून परत दिली. बाण गेला, रंग गेला, खाचांवरचे आकडे गेले; कडीमागे दडलेला सात तेवढा वाचला. तेव्हापासून मी पॉलिशचा डबा घरात ठेवत नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मुद्दा घाईने मांडतो. खळग्याच्या तळापासून वरच्या आडपट्टीपर्यंतची उंची प्रथम मोजावी. ब्रिटिश फौजेने १८७१ मध्ये स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री बंदूक सुमारे ४९ इंच लांब होती, तिच्यानंतरची जुनी लांब ली-एनफिल्डही जवळपास तेवढीच. १९०७ची आखूड ली-एनफिल्ड मात्र साडेचव्वेचाळीस इंचांची. लांब बंदुकांत उंचीने निवाडा होत नसेल, तर दोन खाचांमधील अंतर पाहावे, कारण ली-एनफिल्डच्या बोल्टची मूठ उजवीकडे बाहेर येते, तर मार्टिनीची तरफ खाली असते. आखूड ली-एनफिल्डचे लाकूड व टोपण नळीच्या टोकापर्यंत पोचते, म्हणून तिला वरची खाच रुंद लागते. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या म्हणवल्या जाणाऱ्या रॅकला फुलीच्या खाचेचे स्क्रू असतील, तर निदान ते तरी नंतरचे आहेत. रॅक हे शस्त्र नव्हे, त्यामुळे परवाना लागत नाही. मात्र शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी नेण्यापूर्वी १९७२चा पुरावस्तू कायदा वाचावा.

माझ्या चौकटीची आडपट्टी पूर्वी साधारण पाच इंच वर होती, हे बुजवलेल्या भोकांवरून कळते. म्हणजे लांब बंदुका गेल्यावर ती आखूड बंदुकांसाठी खाली उतरवली असावी. चौकट बाहेर ठेवली आहे. टेप आणलेल्यांनी अवश्य मोजावी, पण कृपा करून पुसू नये.