मधली वर्षं

मंडळी, आज मी फुटबॉल खेळणाऱ्या एका मुलाची गोष्ट सांगणार आहे. तो कल्पनेतला आहे आणि त्याला मी नावही दिलेलं नाही. वय वर्षं सात. त्याच्या वयाची पोरं बॉल जाईल तिकडे घोळक्यानं धावतात. हा घोळक्याच्या बाहेर थांबतो. बॉल यायच्या आधी एकदा मागे, एकदा बाजूला बघून घेतो आणि पहिल्याच टचमध्ये मोकळ्या जागेकडे वळतो. जाणत्या कोचला एवढं पुरतं. ताकद पुढे कमावता येते. ही नजर इतक्या लहान वयात क्वचितच दिसते.

अशा मुलांच्या गोष्टी सांगताना आपण बालपणातून थेट भरलेल्या स्टेडियममध्ये जातो आणि मधली वर्षं गाळतो. मला वाटतं, मुलाचं काय होणार हे त्या मधल्या वर्षांतच ठरतं. आणि तेही मुलाच्या पायांपेक्षा भोवतालच्या मोठ्या माणसांच्या धीरावर.

समजा, तो डिसेंबरात जन्मला. वयोगट १ जानेवारीपासून मोजत असतील, तर त्याच्याच गटात त्याच्याहून जवळजवळ वर्षानं मोठी मुलं असतात. बाराव्या वर्षी वर्षभराचा फरक खांद्यांत दिसतो, धावण्यात दिसतो. म्हणूनच जगभरच्या अकादम्यांत वयोगटाच्या वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त सापडतात. गुण सगळ्या महिन्यांत जन्माला येतात, निवड मात्र अंगापिंडानं होते. आंत्वान ग्रीझमनला फ्रान्समधल्या क्लबांनी चण लहान म्हणून नाकारलं. शेवटी स्पेनच्या रेआल सोसिएदादनं घेतलं, आणि २०१८ मध्ये तो फ्रान्ससाठी विश्वचषक जिंकला. मेस्सीच्या वाढीच्या हार्मोनच्या उपचारांचा खर्च उचलायला बार्सिलोना तयार झाली, म्हणून २००० साली तो तिथे गेला.

मग चौदावं वर्ष येतं. आपला मुलगा भराभर उंच होतो. पाय लांब होतात, तोल बदलतो. कालपर्यंत बुटाला चिकटून राहणारा बॉल आज हातभर पुढे निसटतो. गुडघ्याच्या वाटीखाली, जिथे स्नायूबंध नडगीला जोडलेला असतो तिथे, ठणका लागतो; जिना उतरतानाही तोंड वाकडं होतं. हे वाढीचं दुखणं आहे, बहुतेकदा ते आपोआप जातं. पण नेमक्या याच वेळी बाकावरचे लोक म्हणू लागतात, ‘संपला हा.’ बापही कुजबुजतो. माझ्या मते सगळ्यात जास्त मुलं इथेच हरवतात आणि त्यांची नोंद कुठेच होत नाही.

घाईचंही तसंच. फ्रेडी अडू २००४ मध्ये चौदाव्या वर्षी अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये उतरला. त्याच्यावर एवढ्या अपेक्षा लादल्या गेल्या, की पुढे तो देशोदेशीच्या क्लबांतून फिरत राहिला. मार्टिन ओडेगार्ड २०१५ मध्ये सोळाव्या वर्षी रेआल माद्रिदला गेला, तिथे मुख्य संघात जम बसेना. पण तो लोनवर, म्हणजे ठरावीक काळासाठी उसना, नेदरलँड्समध्ये गेला, मग सोसिएदादला, आणि २०२२ मध्ये इंग्लंडच्या आर्सेनलचा कॅप्टन झाला. त्याला खेळायला वेळ मिळाला, चुका करायला जागा मिळाली.

आपल्या मुलालाही मिळाली असं धरू. सतराव्या वर्षी शेवटच्या दहा मिनिटांसाठी तो मैदानात उतरतो. बॉल येतो, तो सवयीनं वळतो, आणि वळण पुरं व्हायच्या आत डिफेंडरचा खांदा येऊन आदळतो. मोठ्यांच्या खेळात विचाराला अर्धा क्षणही मिळत नाही. दोन हंगाम गेल्यावर तो डिफेंडर यायच्या आधीच बॉल सोडायला शिकतो. मग गोल, मग नाव, मग परदेशी क्लब आणि मोठी रक्कम. हा भाग तुम्ही सगळे जाणता.

त्या रकमेबद्दल मात्र बोलायलाच हवं. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमाप्रमाणे खेळाडूच्या अशा विक्रीतले ५ टक्के, १२ ते २३ या वयात खेळाडूला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. सातव्या वर्षी त्याची नजर ओळखणाऱ्या कोचच्या क्लबला, मुलगा अकराव्या वर्षी मोठ्या अकादमीत गेला असेल तर, एक पैसा मिळत नाही. ही वयाची अट आठपर्यंत खाली आणायलाच हवी. १० कोटी युरोंच्या व्यवहारात त्या क्लबला पाव टक्का जरी मिळाला, तरी ते अडीच लाख युरो होतात. तेवढ्यात एका छोट्या क्लबचे कित्येक हंगाम निघतील.