खिशातला खडू

मंडळी, विषय भला मोठा आहे, 'विद्यापीठातल्या जागा आणि त्यांना लागणारी कौशल्यं'. पुढच्या रांगांत सेटवाले, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा देणारे, दिसतायत. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका आज ओस असणार! तुमची यादी देतोच, पण आधी माझं एक जुनं दुखणं.

पहिल्या मुलाखतीला मी खिशात खडू घेऊन गेलो होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही. त्यांचं कुणीतरी इथं बसलेलं असणारच, हे पुणं आहे. एका जागेसाठी व्हरांड्यात आम्ही तीसेक जण, प्रत्येकाच्या मांडीवर झेरॉक्सचा गठ्ठा. माझा विषय अर्थशास्त्र. 'मागणीचा नियम' हा वीस मिनिटांचा पाठ आठ दिवस आरशासमोर घोटलेला. आत गेलो. पहिला प्रश्न, "गाव कोणतं?" दुसरा, "एनएसएसची शिबिरं घ्याल का?" तिसरा मला नव्हताच. "चहा सांगितलाय ना?" असा तो शिपायाला होता. झाली मुलाखत. बाहेर आलो तर पँटचा खिसा पांढराफटक. शिपाईमामांनी तो पाहिला नि हळूच म्हणाले, "सर, फळा सकाळीच पुसून ठेवलाय. अजून कुणी हात लावला नाही."

ही गोष्ट मी प्रत्येक व्याख्यानात सांगतो अशी घरून तक्रार आहे. आज घरचं कुणी आलेलं नाही.

तेव्हापासून जाहिरात हातात आली की मी एवढंच बघतो, यात काम करून कुणाला दाखवावं लागतं? लिपिकाला. मराठी टंकलेखन, मिनिटाला ३० शब्द. शारीरिक शिक्षण संचालकाला. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमांप्रमाणे तिशीपर्यंतच्या पुरुषानं १२ मिनिटांत १८०० मीटर धावायचं, बाईनं ८ मिनिटांत १०००. आणि जो शिकवणार, त्याला वर्गात उभं करून बघायचं? त्याच नियमांत 'बघता येईल' असं आहे. ज्यांना सरकारी मराठी कळतं ते हसले.

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं? बरं, लिहून घ्या भराभर. सहायक प्राध्यापक : पदव्युत्तरला ५५ टक्के, वर नेट, म्हणजे देशपातळीची पात्रता परीक्षा, किंवा सेट, म्हणजे राज्यपातळीची. महाराष्ट्र-गोव्याची सेट आपलं पुणे विद्यापीठच घेतं. जुलै २०२३पासून या पदाला पीएचडी सक्तीची नाही. सहयोगी : पीएचडी, ८ वर्षांचा अनुभव, ७ शोधनिबंध. प्राध्यापक : पीएचडी, १० वर्षं, १० निबंध. निबंध मोजतात, वाचतात का ते विचारू नका. आरक्षणाची बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची ती यादी, आधी बघा, मग फॉर्म भरा. कायम जागा निघेपर्यंत सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावरचं शिकवणं, आहेच, तासावर पैसे, आणि तेही कधी येतील तेव्हा. लिपिकाच्या जागेला कमी लेखू नका. टिपणी नीट लिहिणारा माणूस खिडकीत नसेल तर कुलगुरूंचीही फाइल हलत नाही. त्याची परीक्षा मात्र... अध्यक्ष उठलेच. ग्रंथपालांचं राहिलं, ते चहाच्या वेळी विचारा.