‘मार्को पोलो’: खर्च दिसतो, गोष्ट कुठेय?

नमस्कार मंडळी! ऐतिहासिक मालिकांचा विषय निघाला की कमेंटमध्ये कुणीतरी असतंच, "ताई, ‘मार्को पोलो’वर बोला ना." बोलते.

आधीचं पटापट उरकू. नेटफ्लिक्स, डिसेंबर २०१४, पहिल्या सीझनचे १० भाग. खर्च ९ कोटी डॉलरच्या घरात, असं तेव्हा छापून आलं होतं. २०१६ मध्ये दुसरा सीझन आला आणि वर्ष सरायच्या आत मालिकाच गुंडाळली. व्हेनिसचा पोरगा मार्को मंगोल सम्राट कुब्लाई खानाच्या दरबारात येतो, बाप त्याला तिथेच सोडून जातो. झालं.

पैसा कुठे गेला ते दिसतं. मलेशियातल्या स्टुडिओत उभा केलेला दरबार, कझाकस्तानातली माळरानं, डोळे दिपतात. आणि बेनेडिक्ट वाँगचा कुब्लाई! तो नुसता बसला तरी बाकीचे दबून उभे राहतात. सुरुवातीलाच तो आपल्या भावाला, अरिक बोकेला, समोरासमोर लढून मारतो. खरं तर अरिक बोके १२६४ मध्ये शरण आला आणि दोन वर्षांनी कैदेत मेला. पण इथे माझी तक्रार नाही. खान चिनी झाला, मंगोल राहिला नाही, असं त्याचेच लोक म्हणतात आणि तो स्वतः तलवार उपसून उत्तर देतो. इतिहास वाकवला, पण त्यातून माणूस कळला.

आता माझं दुखणं. शियांगयांग या चिनी शहराला मंगोलांनी घातलेला वेढा.

मालिकेत तटबंदी फुटत नाही, मग मार्कोसाहेब ट्रेबुशे सुचवतात. म्हणजे लांब दांडा, एका टोकाला प्रचंड वजन, दुसऱ्या टोकाला गोफण. धाडकन भिंत कोसळते. प्रत्यक्षात शियांगयांग पडलं १२७३ मध्ये, मार्को दरबारात पोचला १२७५ च्या सुमारास. मार्कोच्या प्रवासवर्णनातही ही फुशारकी आहे, त्यामुळे लेखकांनी ती हवेतून काढलेली नाही, मान्य.

यावर हमखास येणारी कमेंट: "ताई, ही मालिका आहे, इतिहासाचा पेपर नाही." अहो, तारखा बाजूला ठेवा. गोष्ट म्हणूनच बघा. खऱ्या कुब्लाईनं इराणात राज्य करणाऱ्या पुतण्याकडे, अबाकाकडे, कारागीर मागितले. त्यानं इस्माईल आणि अलाउद्दीन यांना पाठवलं. भावाभावांत फाटाफूट झालेल्या साम्राज्यात एक पुतण्या अजून काकाच्या शब्दाला मान देतो! हा धागा खानाचा होता. तो मार्कोला दिला आणि दोघांचंही नुकसान केलं.

बरं, तटाच्या आतून बघा. तिथे सोंग या चिनी राजवटीचा ल्यू वेनहुआन नावाचा सेनापती पाच वर्षं शहर धरून होता. नदीपलीकडचं जोडशहर फानचेंग पडलं, दगड शहरात येऊन आदळायला लागले, राजधानीतून धड मदत नाही. शेवटी तो शरण गेला आणि पुढे मंगोलांकडूनच लढला. एवढं आयतं नाट्य! मालिकेत त्याऐवजी त्याच राजवटीचा मंत्री जिया सिदाओ आणि मार्कोला लढायला शिकवणारा आंधळा गुरू यांची कुंग फूची जुगलबंदी. खरा जिया सिदाओ त्या तटावर नव्हताच. १२७५ मध्ये त्याला हद्दपार केलं आणि वाटेत सोबतच्या पहारेकऱ्यानंच मारलं. झुंजणाऱ्या किड्यांचा शौकीन होता तो, ते मात्र मालिकेनं झकास पकडलंय.

मूळ रोग हाच आहे. नायकाला स्वतःला काही हवंच नाही, म्हणून दुसऱ्यांची कामं काढून त्याला द्यावी लागतात. माझी आई येता-जाता चार-पाच भाग बघत होती. एकदा थांबून म्हणाली, "राजा कळला, राणी कळली, पण हा पोरगा दारामागे उभा राहून सारखं काय ऐकत असतो?" मी मालिकेची बाजू घ्यायला तोंड उघडलं, पण सुचेचना काही. मार्को झालेला लोरेन्झो रिकेल्मी दिसतो छान, त्याला दोष नाही. लिहिलंच नाही तर तो बिचारा करणार काय?

"मार्को खरंच चीनला गेला होता का?" हा प्रश्नही येतो. बहुतेक अभ्यासक गेला होता असंच मानतात, पण तो वेगळा व्हिडिओ.

मग बघायची की नाही? खानासाठी आणि जोन चेनच्या चाबी राणीसाठी बघा. मार्को दरबारात कान टवकारून उभा राहिला की खुशाल पुढे ढकला. दुसऱ्या सीझनचा शेवट टांगता आहे, तिसरा येणार नाही, त्यामुळे "ताई, आधी सांगायचं ना" म्हणू नका. सांगितलंय. वेळ कमी असेल तर त्या आंधळ्या गुरूवरचा ‘वन हंड्रेड आइज’ हा वेगळा छोटा भाग आधी बघा. त्यात मार्को जवळपास नाहीच.