थीसिसचे पेज नंबर सारखे का बिघडतात? सेक्शन ब्रेक एकदाचा समजून घ्या

नमस्कार मंडळी, सांगलीतनं बोलतेय. मागचा व्हिडिओ सिनॉप्सिसवर होता आणि त्याखाली कमेंटा कशाच्या आल्यात तर पेज नंबरच्या. ताई, अनुक्रमणिकेला रोमन आकडे दिले की पहिल्या प्रकरणाला पण रोमनच येतात. मॅडम, मुखपृष्ठावरचा नंबर काढला की सगळ्या थीसिसचा जातोय. आणि एकीनं लिहिलंय की सोमवारी कोल्हापूरला सबमिशनला जायचंय म्हणून नंबर हातानं टाईप करायला बसलीय, एकेका पानावर टेक्स्ट बॉक्स टाकून. बाई, थांब. तसलं काही करू नकोस. आज मुख्य हेच बघायचंय.

त्याआधी सोप्या गोष्टी पटापट उरकते, कारण त्या सगळ्यांना माहितीच असतात. कागद ए फोर. डावीकडची मार्जिन दीड इंच, कारण बायंडिंगमध्ये तेवढी जागा खाल्ली जाते, बाकी तिन्ही बाजूंना एक इंच. इंग्रजी असेल तर टाईम्स न्यू रोमन १२, लाईन स्पेसिंग दीड. मराठी असेल तर अक्षर जरा मोठं, बरेच जण १४ ठेवतात. क्रम म्हणजे मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, तक्त्यांची यादी, मग प्रकरणं, मग संदर्भसूची, परिशिष्टं. झालं.

पण हे सगळं माझं ऐकून करायचं नाही हं, तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक काढायचं आणि समोर ठेवायचं. मागच्या बॅचच्या कुणाची तरी फाईल घेऊन त्यातच आपलं नाव टाकायचं हा प्रकार तर बंदच करा. सांगली, सातारा, कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे वर्षानुवर्षं शिवाजी विद्यापीठाकडं, त्यामुळं सगळ्यांना वाटतं एकच नमुना सगळीकडं चालतो. तसं आता राहिलेलं नाही, साताऱ्यातली काही कॉलेजं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात गेलीत, काही कॉलेजं स्वायत्त झालीत. दादाच्या वेळचं प्रमाणपत्र तुमच्या वेळी तसंच चालेल याची गॅरंटी कोण देणार?

आणि एक, प्रकरणाचं नाव ठळक केलं, मोठं केलं म्हणजे ते हेडिंग होत नाही. वर्डच्या होम टॅबमध्ये हेडिंग वन, हेडिंग टू आहे ते द्या, म्हणजे अनुक्रमणिका आपोआप तयार होते, रेफरन्सेसमध्ये जाऊन टेबल ऑफ कंटेंट्स. शेवटी तिच्यावर राईट क्लिक करून अपडेट फील्ड, त्यातलं अपडेट एंटायर टेबल. यावर जुना व्हिडिओ आहे, तो बघा.

आता मुद्द्याचं.

वर्डमध्ये पान संपवायचे आपल्याकडं तीन प्रकार चालतात. एक, एंटर दाबत राहायचं पुढचं पान येईपर्यंत. याच्यावर मी आज बोलणारच नाही, नाहीतर अर्धा व्हिडिओ त्यातच जाईल. दुसरा, कंट्रोल एंटर, म्हणजे पेज ब्रेक. तिसरा, सेक्शन ब्रेक. आता गोंधळ इथंच होतो, दुसरा आणि तिसरा दिसायला अगदी सारखे आहेत. दोन्हीनं मजकूर पुढच्या पानावर जातो. पण पेज ब्रेकनं फक्त मजकूर पुढं ढकलला जातो, वर्डच्या लेखी सगळी थीसिस एकच सेक्शन राहते. एकाच रानात मधे बांध घातला की अल्याड ऊस आणि पल्याड हळद लावता येते, बांधच नसला तर पाणी सोडाल ते सगळीकडं जाणार. सेक्शन ब्रेक म्हणजे तो बांध. तुम्ही अनुक्रमणिकेनंतर कंट्रोल एंटर मारलाय, बांध घातलेलाच नाही, मग रोमन आकडे पहिल्या प्रकरणात घुसणारच की.

चला, आता करून दाखवते.

[स्क्रीनवर: वर्डची फाईल, मुखपृष्ठाचं पान]

कर्सर कुठं ठेवायचा ते बघा. मुखपृष्ठाचा मजकूर जिथं संपतो तिथं. लेआउट, ब्रेक्स, आणि खालच्या भागात नेक्स्ट पेज. वरच्या भागात जे पेज म्हणून आहे ते नाही, खालचं, सेक्शन ब्रेक्सच्या खालचं. मग अनुक्रमणिका, याद्या सगळं संपलं की पहिल्या प्रकरणाच्या आधी परत तेच. आता आपले तीन सेक्शन झाले: मुखपृष्ठ, सुरुवातीची पानं आणि प्रकरणं. खरंच झाले का ते बघायचं असेल तर अगदी खाली जी पट्टी असते तिच्यावर राईट क्लिक करून सेक्शनवर टिक करा, आता कर्सर जिथं न्याल तिथं खाली सेक्शन १, सेक्शन २ असं दिसेल. होम टॅबमधलं ते उलट्या पी सारखं बटण दाबलं तर सेक्शन ब्रेक दुहेरी ठिपक्यांच्या रेषेसारखा दिसतो. ते बटण चालू ठेवूनच काम करा, डोळ्यांना सुरुवातीला त्रास होतो पण फाईलमध्ये कुठं काय आहे ते दिसतं.

आता तिसऱ्या सेक्शनच्या फूटरवर, म्हणजे पानाच्या तळाच्या पट्टीवर, डबल क्लिक. डावीकडं लिहून येतं फूटर, सेक्शन ३, आणि उजवीकडं सेम ॲज प्रीव्हियस. हे सेम ॲज प्रीव्हियस वाचायला शिका मंडळी, निम्मी भानगड तिथंच आहे. याचा अर्थ हा फूटर मागच्या सेक्शनच्या फूटरला जोडलेला आहे. वर लिंक टू प्रीव्हियस आहे, ते दाबून बंद करा. मग दुसऱ्या सेक्शनच्या फूटरमध्ये जाऊन तिथलं पण बंद करा. आणि हेडरमध्ये, म्हणजे पानाच्या वरच्या पट्टीत, प्रकरणाचं नाव येणार असेल तर हेडरचं वेगळं बंद करायचं, फूटरचं बंद केलं म्हणजे हेडरचं झालं असं होत नाही.

मग नंबर टाका. सेक्शन दोनमध्ये पेज नंबर, फॉरमॅट पेज नंबर्स, तिथं छोटे रोमन आकडे निवडा. सेक्शन तीनमध्ये परत फॉरमॅट पेज नंबर्स, साधे आकडे, आणि खाली स्टार्ट ॲट १. मुखपृष्ठाचा फूटर रिकामा ठेवा. मुखपृष्ठ मोजायचं पण नंबर छापायचा नाही असं असेल तर दुसऱ्या सेक्शनला कंटिन्यू फ्रॉम प्रीव्हियस सेक्शन ठेवा, म्हणजे प्रमाणपत्राला आपोआप रोमन दोन येतो.

एक बारीक गोष्ट सांगते जी मला कुणी नीट सांगताना दिसत नाही. आकडे रोमन हवेत का साधे, आणि कितीपासून सुरू, हे ठरतं फॉरमॅट पेज नंबर्समधनं. नंबर मुळात दिसणार का नाही, मधे दिसणार का कोपऱ्यात, हेडरला कुठल्या प्रकरणाचं नाव, हे ठरतं फूटर आणि हेडरमधनं, म्हणजे लिंक टू प्रीव्हियसमधनं. या दोन वेगळ्या चाव्या आहेत. "ताई, लिंक बंद केली तरी रोमनच येतोय" म्हणणाऱ्यानं फॉरमॅट बदललेलाच नसतो. आणि "मुखपृष्ठावरचा नंबर काढला की सगळा जातोय" म्हणणाऱ्याची लिंक चालू असते. तुमचं काय बिघडलंय ते आधी ओळखा, मग त्या चावीला हात घाला.

प्रकरणाच्या फक्त पहिल्याच पानावर नंबर येत नाही अशीही कमेंट आहे, तिथं डिफरंट फर्स्ट पेजवर टिक असणार, काढा ती.

हेच सगळं आता दुसऱ्या बाजूनं बघू, आडव्या तक्त्याच्या. मागच्या वर्षी तासगावची एक मुलगी माझ्याकडं आली होती, विषय बेदाण्याचा, शेतकऱ्याचा खर्च, शेडचं भाडं, मजुरी, सौद्याचा दर असे इतके रकाने की उभ्या पानात मावेनात. तिनं लेआउटमध्ये जाऊन लँडस्केप केलं आणि सगळी थीसिस आडवी झाली. का झाली? बांध नाही. तक्त्याच्या आधी एक सेक्शन ब्रेक, तक्त्याच्या नंतर एक सेक्शन ब्रेक, मग मधल्या पानावर कर्सर ठेवून लँडस्केप. फक्त तेवढंच पान आडवं होतं. पण मग लगेच दुसरी तक्रार येते, तक्त्याच्या पुढच्या पानापासून नंबर परत १ पासून सुरू झाले. कारण तिथं स्टार्ट ॲट १ राहिलंय. या मधल्या सेक्शनना कंटिन्यू फ्रॉम प्रीव्हियस सेक्शन द्यायचं. साध्या आकड्यांचं स्टार्ट ॲट १ अख्ख्या थीसिसमध्ये एकदाच, पहिल्या प्रकरणाला.

आणि तिसरी बाजू, ब्रेक पुसणं. पान रिकामं दिसतंय म्हणून तुम्ही बॅकस्पेस दाबता आणि सेक्शन ब्रेक उडतो. आता वर्ड काय करतं? वरच्या सेक्शनला खालच्याची रचना देतं. सेक्शनची सगळी माहिती त्याच्या शेवटच्या ब्रेकमध्ये असते, ब्रेक गेला की ती माहिती गेली. म्हणून अनुक्रमणिकेच्या पानांवर अचानक १, २, ३ दिसायला लागतात आणि माणूस म्हणतो मी तर काहीच केलं नाही. अशा वेळी घाबरून आणखी काही पुसू नका, कंट्रोल झेड दाबा, म्हणजे पुसलेलं परत येतं.

मोबाईलवर होतं का असं बऱ्याच जणांनी विचारलंय. टायपिंग करा मोबाईलवर, सेक्शनचं काम कंप्युटरवरच करा, घरी नसला तर कॉलेजच्या लॅबमध्ये एक दुपार मागून घ्या. गुगल डॉक्समध्ये सेक्शन ब्रेक आहे आणि लिंक टू प्रीव्हियस पण आहे. लिबरऑफिसमध्ये मात्र पेज स्टाईल असा वेगळा हिशोब आहे, तिथं हे जसंच्या तसं लागू होणार नाही.

काहीजण यावर उपाय म्हणून प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाईल करतात. करू नका. मग अनुक्रमणिका हातानं, नंबर हातानं, आणि गाईडनी दुसऱ्या प्रकरणात एक परिच्छेद वाढवायला सांगितला की पुढचं सगळं सरकलं. शेवटची फाईल एकच ठेवा. शोधगंगेला, म्हणजे देशातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडाराला, पीएच.डी.चे प्रबंध प्रकरणवार पीडीएफ करून चढवले जातात हे खरं आहे, पण ते तुकडे एकसंध अंतिम पीडीएफमधनं पाडायचे असतात.

बरं, मराठीतनं प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाईप करून घेऊ नका, कृतिदेव किंवा तसले. दिसायला मराठी असतं पण आत इंग्रजी कीबोर्डची चिन्हं असतात. फॉन्ट नसलेल्या कंप्युटरवर उघडलं की नुसती गिचमिड. कंट्रोल एफ करून 'हळद' शोधा, सापडणार नाही. आणि वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यात मराठी दिसतच नाही. टायपिंगला देतानाच ठणकावून सांगा, युनिकोडमध्येच पाहिजे. तुमची काही वर्षांची मेहनत आहे ती, शोधगंगेवर गेल्यावर कुणाला तरी शोधून सापडली पाहिजे ना! मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं, जत, आटपाडीच्या दुष्काळावर, कृष्णेच्या २०१९ च्या पुरावर पोरांनी गावोगाव फिरून काम केलेलं असतं आणि ते फॉन्टपायी कुणाच्या हाती लागत नाही.

सिमिलॅरिटीचं, म्हणजे आपला मजकूर दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती टक्के जुळतो त्याचं, पण विचारलंय. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे नियम आहेत. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० च्या मधे असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून परत द्यायचं. ४० ते ६० असेल तर एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर नोंदणी रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि नीट श्रेय देऊन घेतलेली अवतरणं यात धरत नाहीत, त्यामुळं रिपोर्ट काढताना त्या गोष्टी वगळल्यात का ते विचारून घ्या.

शेवटचं, दुकान. बायंडिंगच्या दुकानात वर्डची फाईल घेऊन जायचं नाही, पीडीएफ न्यायची. हे मी सारखं सांगते आणि तरी लोक पेनड्राईव्हमध्ये वर्ड घेऊन जातात. त्या बेदाण्यावाल्या मुलीचं असंच झालं, दुकानातल्या कंप्युटरवर तिचा फॉन्ट नव्हता, दुसरा लागला, ओळी लांबल्या, पानं सरकली, आणि अनुक्रमणिकेत एक नंबर अन् आत दुसरा. सोनेरी अक्षरांचं काळं बायंडिंग होऊन हातात आल्यावर तिच्या लक्षात आलं. सगळं पुन्हा करावं लागलं, आणि पैसे पुन्हा तिच्याच खिशातनं गेले. सबमिशनच्या दिवसांत दुकानात गर्दी असते, कुणी तुमचं पान उघडून बघत बसत नाही.

तर घरीच सेव्ह ॲजमधनं पीडीएफ करा. ती मोबाईलवर उघडा, अनुक्रमणिकेतली चार-पाच नावं घेऊन त्या त्या पानावर जाऊन नंबर जुळतो का बघा. दुकानात सांगा, प्रिंट ॲक्च्युअल साईजला काढा, फिट टू पेज नको, नाहीतर तुमची दीड इंचाची मार्जिन बदलते. आधी एकच कच्ची प्रत काढा, स्पायरल मारा, गाईडना दाखवा, त्यांची सही कुठल्या पानावर, विभागप्रमुखांची कुठल्या, किती प्रती लागतात, सगळं विचारून मग पक्कं बायंडिंग.

सोमवारी कोल्हापूरला जाणाऱ्या ताई, ते टेक्स्ट बॉक्स सगळे काढून टाक आणि दोन सेक्शन ब्रेक घाल. अडलीस तर ते उलट्या पी चं बटण चालू करून पानाचा स्क्रीनशॉट पाठव, त्यात ब्रेक कुठं पडलेत ते दिसतं. संदर्भसूचीचा व्हिडिओ पुढच्या आठवड्यात टाकते.